माठ, आजी आणि एक लिटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप असा की, जुलाबावरच्या लेखात मी डॉक्टरांशी एक भाषा बोलतो आणि पाड्यावरच्या बायांशी दुसरी. म्हणजे शास्त्र शिकलेल्यांना, अन् अडाण्यांना गोष्टी.

'त्यांच्या डोक्यात शिरेल असं' हे माझे शब्द खटकण्यासारखेच होते. काढून टाकलेत. बाकीचं मात्र मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-साखरेच्या पुडीचं, सूत्र बदललं, सोडियम लिटरमागे ९० मिलिमोलवरून ७५ वर आणलं, हे मी डॉक्टरांना सांगतो. जुनं-नवं हा घोळ त्यांचा. पाड्यावरचा प्रश्न जास्त अवघड असतो: "पुडी पाजली तरी संडास थांबंना, मग हे औषध कसलं?" ओआरएस जुलाब थांबवत नाही, गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. हे दोन्हीकडे तेच सांगावं लागतं.

माठाच्या दाखल्याला तुम्ही हसलात. खुशाल हसा, पण त्याची फजिती तुमच्याआधी एका आजींनी केली. "अंग म्हणजे गळका माठ, गळतं तेवढं भरत राहायचं," असं मी रंगवून सांगत होतो. आजी म्हणाल्या, "आधी भोक बुजव की रं बाबा, पाणी कशाला ओततूस?" आशाताईंसकट सगळ्या खो खो हसल्या. तेव्हापासून माठ बंद. आता बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून दाखवतो. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. डॉक्टरही हीच चिमटी घेतात, सर.

आणि माप. एका घरी पुडी चिमूट-चिमूट करून पेल्यात कालवत होते. 'एक लिटर पाणी' मी शंभरदा म्हटलं असेल, पण त्या घरात लिटर नव्हताच. तांब्या होता, पातेलं होतं. मग पाण्याची लिटरची बाटली त्यांच्याच पातेल्यात ओतली आणि पाणी आलं तिथे खिळ्याने रेघ मारली. आख्खी पुडी, रेघेपर्यंत पाणी. पुडीत २०.५ ग्रॅम असतं हे तिथे बोललो नाही, पण प्रमाण तसूभरही हललं नाही.

रेघ मारून होतेय तोच घरातल्या सुनेने विचारलं, "उरलं तर उद्याला चालंल?" चोवीस तासांनंतर नाही, ओतून द्यायचं. हे माझ्या लेखात नव्हतंच. आज घातलंय.