मार्क नकोत, परीक्षेची दुसरी तारीख द्या

काल संध्याकाळी भाचीचा फोन आला. हुंदके आवरत नव्हते तिला. "मावशी, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एबी लावलंय." एबी म्हणजे गैरहजर. त्या दिवशी ही पोरगी कुठे होती? पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ खो-खो स्पर्धेत, विद्यापीठाची जर्सी घालून पोलवर सूर मारत होती. विद्यापीठानेच निवडलं, विद्यापीठानेच पाठवलं, आणि विद्यापीठाच्याच गुणपत्रिकेवर ती गैरहजर! मस्तकात तिडीक गेलीय माझ्या.

तिने सांगितलं नव्हतं असं नाही. जिमखान्याच्या सरांचं पत्र नेलं, तर विभागप्रमुख म्हणाले, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं आणा. ते आणलं, तर म्हणे परीक्षा विभागाचा शिक्का हवा. तिथल्या खिडकीवर सांगितलं, आधी प्राचार्यांची सही. प्राचार्य मीटिंगला गेलेले. आणि शेवटी ऐकवलं काय, तर पत्र आठ दिवस आधी द्यायला हवं होतं. अहो, संघाची यादीच गाडी सुटायच्या दोन दिवस आधी लागली! आठ दिवस आधी ती कुठलं पत्र आणणार होती? संध्याकाळची गाडी, तिकीट वेटिंगवर, हातात किटची बॅग, आणि एकोणीस वर्षांची मुलगी दुपारभर या खिडकीवरून त्या खिडकीवर पळतेय. तिथे एका मॅडमनी विचारलं, "खो-खो खेळून पोट भरणार आहे का तुझं?"

याच कॉलेजात १९ जानेवारी २०२५ नंतर पेढे वाटले होते. दिल्लीतल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मुलांनीही विश्वचषक जिंकला, त्यांचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही आपलाच. स्टाफरूममध्ये प्रत्येकाची छाती फुगली होती. मग स्वतःच्या वर्गातली खो-खोवाली समोर उभी राहिली की कपाळावर आठ्या का?

मी हे दुसऱ्यांदा बघतेय, म्हणून जास्त जळतंय. बारा वर्षांपूर्वी मी चारशे मीटर पळायचे. टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, विद्यापीठाच्या कॅम्पला निवड झाली आणि त्याच आठवड्यात इंटर्नल. सरांच्या पाया पडायचंच बाकी राहिलं होतं. "ठरव, पळायचंय की पास व्हायचंय." मी पास झाले. स्पाइक्स माळ्यावर गेले. तेव्हा मला वाटलं होतं, आपलंच नशीब. आता तेच, फक्त वेगळ्या शब्दांत, माझ्या बहिणीच्या लेकीला ऐकवलं जातंय. म्हणजे बारा वर्षांत ट्रॅक सिंथेटिक झाले, खो-खो मॅटवर आला, परीक्षा सेमिस्टरच्या झाल्या, आणि ही मानसिकता तिथेच.

उलट सेमिस्टर आल्यापासून जास्त हाल आहेत. पूर्वी वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, खेळाचा हंगाम थंडीत, निदान मधे श्वास घ्यायला जागा होती. आता ऐन स्पर्धांच्या दिवसांतच पहिल्या सत्राची परीक्षा, त्याआधी इंटर्नल, असाइनमेंट, जर्नल सबमिशन. वर पंचाहत्तर टक्के हजेरी. आंतरमहाविद्यालयीन, मग झोनल, मग कॅम्प, मग आंतरविद्यापीठ, आणि प्रवासाचे दिवस वेगळेच. या मुलीने हजेरी भरायची कुठून?

कुणी म्हणेल, खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात की! मिळतात. पण वाढीव गुण कशावर चढवणार, पेपरच देऊ दिला नाही तर? आणि एक स्पष्ट सांगते, तिला फुकटचे मार्क नकोच आहेत. तिला केमिस्ट्री आवडते. स्पर्धेला जातानाही वही बॅगेत होती, वरच्या बर्थवर मोबाइलच्या उजेडात वाचत होती. तिचं म्हणणं एवढंच आहे की परत आल्यावर प्रॅक्टिकल घ्या, अवघड प्रश्न द्या, कडक तोंडी घ्या, पण घ्या. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणं आपल्याकडे झाली, त्या लबाडांमुळे खऱ्या खेळाडूकडेही संशयाने बघतात. कबूल. पण हिच्या गुडघ्यांची सालटं खोटी आहेत का?

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? नव्या शैक्षणिक धोरणात शारीरिक शिक्षणाला क्रेडिट आलं. मला खरंच आनंद झाला होता. आणि झालं काय, तर त्याच विषयाच्या वर्गाला ही हजर नव्हती, कारण मैदानात होती, म्हणून तिला शिक्षा म्हणून हाताने लिहून वीस पानांची फाइल द्यायला लावली. व्यायामाचे फायदे! विद्यापीठाकडून खेळणाऱ्या मुलीकडून!

कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली! खाशाबा ब्रॉंझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १५ जानेवारीला खाशाबांच्या जयंतीला कॉलेजात फोटोला हार घालता ना? मग त्या प्राचार्यांचंही थोडं आठवा. घर गहाण ठेवा असं कुणी म्हणत नाही हो. एक सही मागतोय.

जिमखान्याच्या सरांवर माझा राग नाही. तो माणूस पहाटे साडेपाचला मैदानावर असतो, खिशातून मुलांना केळी आणतो. पण परीक्षेच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला काडीची किंमत नाही. प्रत्येक फी पावतीवर जिमखाना फी मात्र न चुकता. मुली जिंकल्या की गेटवर फ्लेक्स, कॉलेजला दर्जा देणारी नॅकची समिती आली की कपाटातल्या ट्रॉफ्या पुसून रांगेत.

आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा पंचवीस आहे. तिच्याकडे फार वर्षं नाहीत. केटी, म्हणजे राहिलेला विषय, पुढच्या सत्रात देता येते, खेळाडूचं गेलेलं वर्ष कुठल्या सत्रात परत देणार? काल रात्री ती मला म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी ट्रायलला नाही जात मी." मी तिला फोनवरच झापलं, आणि मग ठेवल्यावर मलाच रडू आलं.

सोमवारी मी रजा टाकलीय. तिच्याबरोबर परीक्षा विभागात जाणार आहे. निवडीचं पत्र, सामन्यांचं वेळापत्रक, तिकिटं, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्यात. अर्जावर पोच मिळाल्याशिवाय त्या खिडकीवरून मी हलणार नाही.