गावातला क्लब म्हणजे टाइमपास नव्हे

आज सकाळी इथल्या, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या, मराठी पालकांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी विचारलं, "मुलगा सात वर्षांचा आहे, फुटबॉलची आवड आहे. चांगली अकादमी सुचवा. गावातला क्लब नको, तिथे नुसता टाइमपास चालतो." खाली लगेच अंगठ्यांची रांग. कुणीतरी झुरिचमधल्या खाजगी कोचिंगची लिंकही टाकली. ट्रेनमध्ये हे वाचलं आणि ऑफिसला पोचेपर्यंत डोकं तापलं होतं. ग्रुपवर लिहिलं असतं तर वाद झाला असता, म्हणून इथे लिहितोय. लांबलचक होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

सात वर्षांच्या पोराला अकादमी! अहो, त्याला अजून बुटाची नाडी नीट बांधता येत नसेल. चित्रकलेला क्लास, अबॅकसला क्लास, आता पळायलाही क्लास. विंटरथुर शहराजवळच्या गावात राहायचं, इथल्या शाळेचा, रस्त्यांचा, दवाखान्याचा लाभ घ्यायचा आणि गावातल्या लोकांनी शंभर वर्षं घाम गाळून उभ्या केलेल्या क्लबला टाइमपास म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

ज्या स्विस फुटबॉलपटू मान्युएल अकांजीची रील याच ग्रुपवर फिरली होती, 2023 ला मँचेस्टर सिटीबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर, तो कुठून आला माहिती आहे का? वीझेनडांगेन. आपल्या शेजारचं गाव. तिथल्या गावक्लबात खेळला, मग एफसी विंटरथुरच्या ज्युनियर संघांत, मग त्याच विंटरथुरकडून दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅलेंज लीगमध्ये. बाझलच्या मोठ्या क्लबात गेला तो 2015 मध्ये, तोवर चांगला मोठा झाला होता. स्विस संघातून खेळलेले बाकीचेही बघा. ग्रानिट झाका आधी कॉन्कॉर्डिया बाझल या क्लबात होता. शाकिरी आउग्स्ट नावाच्या छोट्याशा गावच्या क्लबात. एम्बोलो नॉर्डस्टर्न आणि ओल्ड बॉइजमधून आला. यान सोमरला फाडुत्झला उसना पाठवला होता, तो क्लब तर लिख्टेनश्टाइनचा, पण खेळतो स्विस लीगमध्ये. ही नावं तुम्हाला पाठ आहेत. त्यांच्या आधीचे क्लब मात्र टाइमपास!

मला आमचा पहिला शनिवार आठवतो. नुकतेच आलो होतो, सामान अजून खोक्यांत होतं, मुलाकडे साधे पळायचे बूट होते. मैदान सांभाळणारे एक आजोबा चुन्याचं यंत्र ढकलत रेषा आखत होते. त्यांनी मुलाच्या पायांकडे पाहिलं, यंत्र तिथेच सोडलं आणि आम्हाला क्लबघरामागच्या खोलीत नेलं. एक लोखंडी कपाट. आत ओल्या चामड्याचा वास आणि खच्चून भरलेले स्टडचे बूट, लहान झाले म्हणून मुलांनी ठेवून दिलेले. त्यांनी एक जोड काढला, अंगठ्याने पुढचं टोक दाबून माप पाहिलं. बुटाच्या जिभेवर आतून पेनाने आडनावं लिहिलेली होती. एक पोर्तुगीज, एक अल्बानियन, एक इथलंच जर्मन, प्रत्येक खोडून त्याखाली पुढचं. आजोबांनी शेवटचं खोडलं आणि पेन मुलाच्या हातात दिला. फी नाही, फॉर्म नाही, "आधी चाचणी द्या" नाही.

सांगा, कुठली अकादमी हे करते?

मान्य आहे, बाझल, झुरिच, यंग बॉइज यांच्या अकादमी उत्तम आहेत. तिथले प्रशिक्षक, डॉक्टर, व्हिडिओ, सगळं भारी. चौदा-पंधराव्या वर्षी पोरात खरंच काही असेल तर जाऊ दे तिकडे. पण सातव्या वर्षी?

आणि फक्त खेळाडूच घडतात असंही नाही. योआखिम ल्योव, 2014 चा जर्मनीचा विश्वविजेता प्रशिक्षक. हा माणूस शाफहाउझेनला खेळला, मग आपल्या विंटरथुरला खेळला आणि 1994-95 मध्ये फ्राउएनफेल्डला खेळाडू-प्रशिक्षक होता. फ्राउएनफेल्ड! ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर. शाफहाउझेनला त्याच्याबरोबर रोबेर्टो डी माटेओ होता, इटालियन आईबापांचा, शाफहाउझेनमध्येच जन्मलेला. त्याने पुढे 2012 मध्ये चेल्सीला चॅम्पियन्स लीग मिळवून दिली. दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबात हे दोघे एकाच संघात होते, आणि पलीकडे ऱ्हाइनचा धबधबा बघायला जाणाऱ्या आपल्या मंडळींना शाफहाउझेनला क्लब आहे हेही ठाऊक नसतं. जर्मन प्रशिक्षक ओटमार हिट्सफेल्डची प्रशिक्षक म्हणून पहिली नोकरी 1983 मध्ये एससी त्सूग या इथल्याच क्लबला. पुढे त्याने डॉर्टमुंड आणि बायर्न, दोघांनाही युरोपचा चषक जिंकून दिला.

आता खरा राग येतो ती गोष्ट. पैसा. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन बदली झाली की फिफाच्या नियमाप्रमाणे रकमेतले 5 टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. ऐकायला फार न्याय्य वाटतं. पण हिशोब धरतात बाराव्या वाढदिवसापासून तेविसाव्यापर्यंतचा. म्हणजे ज्या क्लबाने पोराला सहाव्या वर्षी पहिल्यांदा चेंडू दिला, पावसात उभं राहून त्याच्या नाड्या बांधल्या, कपाटातून बूट काढून दिले आणि अकराव्या वर्षी मोठ्या क्लबाकडे सोपवला, त्याच्या हातात शून्य. आजोबांना विचारलं होतं एकदा याबद्दल. खांदे उडवले आणि रेषा आखायला गेले. ते खांदे उडवू शकतात, मला जमत नाही.

मोठ्या पैशाने छोट्या क्लबांचं काय केलं तेही बघा. नोशातेल झामाक्स हा क्लब, ज्याचं नाव जुना खेळाडू माक्स आबेगलेनच्या "झाम" या टोपणनावावरून पडलं, 1987 आणि 1988 चा राष्ट्रीय विजेता. 2011 मध्ये बुलात चागायेव नावाचा बाहेरचा उद्योजक आला, क्लब विकत घेतला, आणि 2012 च्या जानेवारीत ऐन हंगामात क्लब दिवाळखोर! चार पायऱ्या खालून, 2. लीगा इंटररेजिओनालमधून सुरुवात करावी लागली. 2018 ला परत वर आले, ते गावच्या लोकांच्या जिवावर. विलचं तसंच. 2004 मध्ये ग्रासहॉपर्सला 3-2 हरवून स्विस चषक जिंकलेला छोटासा क्लब. 2015 मध्ये परदेशी गुंतवणूकदार आले, महागडे खेळाडू आणले आणि दोन वर्षांच्या आत हात झटकून निघून गेले. मागे निस्तरायला कोण राहिलं? तेच गावातले लोक, दिवसा नोकरी करून रात्री क्लबचे हिशोब बघणारे.

सगळे बाहेरचे मालक वाईट नसतात, हे कबूल. पण नुकसान भरायची वेळ आली की ते कधी दिसत नाहीत.

असो. जरा शांत होतो.

विंटरथुरच्या शुत्सेनवीझे स्टेडियमवर एकदा तरी जा, मुलांना घेऊन जा. तिथे मुलांसाठी वेगळा स्टँड आहे, झिरुपकुर्वे, पोरांना सरबत मिळतं आणि मनसोक्त ओरडता येतं. स्टेडियममध्ये चित्रांचं दालन आहे, झालोन एरिका. 1906, 1908 आणि 1917 चा विजेता हा क्लब, नंतर खाली गेला, 1985 पासून वर येता आलं नाही. 37 वर्षं! 2022 मध्ये सुपर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत, परतला तेव्हा शेजारचे काका रडत होते. तोपर्यंत मी त्यांना कधी मोठ्याने बोलतानाही ऐकलं नव्हतं. याच क्लबच्या महिला संघातून अकांजीची बहीण सारा खेळली आणि पुढे कॅन्टनच्या, म्हणजे इथल्या राज्याच्या, विधिमंडळात निवडून गेली.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसायची आणि पेठेतला प्रत्येक माणूस स्वतः खेळल्यासारखा घरी यायचा. इथे पहिल्यांदा गावच्या मैदानाच्या कठड्याला टेकून तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा सामना पाहिला तेव्हा पोटात तसंच झालं. सॉसेजचा धूर, कुत्री, बाबागाड्या आणि नव्वद मिनिटं पंचाशी भांडणाऱ्या आज्या.

बील या क्लबची गोष्ट सांगायचीच राहिली. 1947 चा राष्ट्रीय विजेता, 2016 मध्ये दिवाळखोर, थेट सहाव्या श्रेणीत. ज्या गावांत कपडे बदलायला एकच खोली, तिथे जाऊन खेळले. एकेक पायरी चढत तिसऱ्या श्रेणीत आले आणि 2025 मध्ये लुगानोला हरवून, यंग बॉइजला हरवून स्विस चषकाच्या अंतिम सामन्यात! तिसऱ्या श्रेणीचा क्लब तिथवर पोचल्याचं याआधी कुणी पाहिलं नव्हतं. बर्नला बाझलकडून 4-1 हरले. समोर शाकिरी होता, तोच आउग्स्टच्या गावक्लबातला. टीव्हीवर ते बघताना मुलाने विचारलं, "शाकिरीलापण कपाटातले बूट मिळाले असतील का?" मला माहीत नाही. पण त्याच्या गावातही कुणीतरी रेषा आखतच असेल ना शनिवारी सकाळी.

आमचे आजोबा आता थकलेत. यंत्र ढकलायला माझा मुलगा जातो, आता तो पंधरा वर्षांचा आहे. तो काही अकांजी होणार नाही, चौथ्या श्रेणीतसुद्धा पोचेल की नाही शंका आहे. त्याने काय बिघडतं? शनिवारी सकाळी आठ वाजता कुणी न उठवता उठतो, लहान पोरांच्या नाड्या बांधतो, अल्बानियन मित्राच्या घरी जेवून येतो. हे मला कुठल्या कोचिंगच्या पावतीवर मिळालं असतं?

तर त्या गृहस्थांना, तुम्ही हे वाचाल याची मला खात्री आहे: मुलाला घेऊन या. आमच्याकडे प्रतीक्षा यादी आहे, कारण मैदानं कमी आणि मुलं जास्त. पण सामन्याच्या दिवशी केक आणणाऱ्या, गाडीतून पोरांना नेणाऱ्या पालकांची नेहमीच गरज असते. पंच तर मिळतच नाहीत. पंचाच्या कोर्सची तारीख हवी असेल तर मला मेसेज करा, मी पण नाव देतोय.