दराचं पाकीट फोडायच्या आधी मार्क दाखवा

काल संध्याकाळी एक फोन आला आणि तेव्हापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब होईल, पण वाचा, खास करून जे ट्रेनिंगच्या लाइनीत आहेत त्यांनी.

आमच्या जिल्ह्यात घरगुती वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंग शिकवायचं सरकारी टेंडर निघालं होतं. आम्हीही भरलं होतं, काम दुसऱ्यांना गेलं. फोन त्यांचाच होता. म्हणाले, तुमच्याकडं वर्कशॉप आहे, मास्तर आहेत, बॅच तुम्हीच चालवा, माणशी ४,००० देतो. आम्ही टेंडरमध्ये भरलेला रेट ८,०००, त्यांना मंजूर झालेला ११,०००. म्हणजे कमिटीनं ज्यांना शिकवण्यात कमी ठरवलं त्यांनीच शिकवायचं आणि मधले ७,००० जे शिकवणारच नाहीत त्यांनी ठेवायचे. हे पैसे शेवटी कापले जातात पोरांच्या तांब्याच्या तारेतून. रिवाइंडिंग शिकताना पहिल्या चार-पाच मोटरींची तार वाया जातेच, तीच वाचवायला लागलं तर पोरगं शिकणार काय?

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं ज्याचा दर कमी त्यालाच सरकारी काम मिळतं. ट्रेनिंगच्या टेंडरमध्ये बऱ्याचदा क्यूसीबीएस असतं, म्हणजे गुणवत्ता आणि दर दोन्हीचे मार्क. आमच्या टेंडरमध्ये ७०:३० होतं, टेक्निकलला म्हणजे गुणवत्तेला ७०, दराला ३०. आधी टेक्निकलचं पाकीट उघडून कमिटी मार्क देते, दराचं पाकीट त्यानंतर फोडतात. आम्हाला टेक्निकलला १०० पैकी ७१ मिळाले, त्यांना ९२. हिशोब करा. आमचे ७१ चे झाले ४९.७, दर सगळ्यात कमी म्हणून पूर्ण ३०, एकूण ७९.७. त्यांचे ९२ चे ६४.४ आणि दराचे (८,००० भागिले ११,००० गुणिले ३०) २१.८, एकूण ८६.२. माणशी ३,००० जास्त दर भरूनही ते पुढं. हेच वजन उलटं, ३०:७० असतं, तर आमचे ९१.३ आणि त्यांचे ७८.५ झाले असते. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं २९ ऑक्टोबर २०२१ ला सूचना काढल्या, त्यात कन्सल्टन्सी, म्हणजे सल्ला द्यायचं काम, नसलेल्या सेवांसाठी क्यूसीबीएस वापरलं तर दर सोडून बाकीच्याला ३० टक्क्यांच्या वर वजन द्यायचं नाही असं आहे. मग ट्रेनिंग ही कन्सल्टन्सी की साधी सेवा, इथूनच भांडण सुरू होतं, आणि ते ठरवतं कोण तर टेंडर काढणारं ऑफिसच.

पण माझं भांडण ७०:३० शी नाहीच. उलट नुसत्या एल वनवर, म्हणजे सगळ्यात कमी दरावर, ट्रेनिंगची कामं द्यायला लागले तर काय होतं ते आम्ही बघितलंय, निम्म्या रेटनं भरायचं आणि बॅच कागदावर चालवायची. गुणवत्तेला वजन हवंच, मी स्वतः त्याच बाजूचा आहे. माझं म्हणणं एवढंच की ते मार्क कशाला दिले ते लिहा.

आमचे रिवाइंडिंगचे मास्तर आठवी शिकलेत. २२ वर्षं हेच काम करतात. जळालेली मोटर उघडली की कुठल्या कॉइली काळ्या पडल्यात ते बघून सांगतात, एक फेज गेला होता की पंपच जाम झाला होता. टेंडरमध्ये ट्रेनर प्रोफाइलचे १५ मार्क आणि निकष काय, तर पदवी. प्री-बिडला, म्हणजे टेंडर भरायच्या आधी शंका विचारायच्या बैठकीला, मी लेखी विचारलं होतं की कारागिराचा अनुभव पदवीच्या जागी धरणार का? उत्तर आलं, ‘निविदेतील अटींनुसार’. अहो, निविदेतल्या अटीवरच तर प्रश्न होता!

निकाल लागला तेव्हा पोर्टलवर आमच्या नावापुढं फक्त ‘पात्र’ आणि दर एवढंच दिसत होतं. मार्क कुठंच नाहीत. मग माहिती अधिकारात अर्ज केला. पहिलं उत्तर, तिसऱ्या पक्षाची व्यावसायिक माहिती आहे, देता येत नाही. आम्ही आमचेसुद्धा मार्क मागितले होते, त्यात तिसरा पक्ष कोण? अपील केलं तेव्हा कुठं झेरॉक्स मिळाल्या. तीन सदस्य, तीन कागद. ट्रेनर प्रोफाइल, १५ पैकी ४, ४, ४. प्रेझेंटेशन, २० पैकी ९, ९, ९. शेजारी ‘शेरा’ म्हणून मोठा रकाना छापलेला आहे, तिन्ही कागदांवर कोरा. मी तो कागद उजेडाला धरून बघितला, पेन्सिलनं तरी काही लिहिलंय का म्हणून. काही नाही. या दोन ठिकाणी गेलेल्या २२ मार्कांतले १० जरी मिळाले असते तरी काम आमचं होतं. १५ मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये आम्ही नेमकं कुठं कमी पडलो हे मला आजही माहीत नाही, पुढच्या वेळी सुधारायचं म्हटलं तरी काय सुधारू?

लोक म्हणतात कोर्टात जा. गेलेल्यांचं काय झालं ते वाचलंय मी. १९७९ चा रमणा शेट्टी विरुद्ध विमानतळ प्राधिकरण हा निकाल आपल्या मुंबई विमानतळावरच्या रेस्टॉरंटच्या टेंडरचा. पाच वर्षं अनुभवाचा नोंदणीकृत हॉटेलवाला हवा अशी अट होती आणि काम दिलं अट न बसणाऱ्याला. सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की सरकारनं स्वतः घातलेली अट सरकारला पाळावीच लागेल. तरी कंत्राट रद्द झालं नाही, याचं एक मोठं कारण म्हणजे याचिका उशिरा आली आणि तोवर समोरच्याचा खर्च होऊन गेला होता. २०१६ मध्ये नागपूर मेट्रोच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, टेंडरचा अर्थ टेंडर लिहिणाऱ्यालाच सगळ्यात जास्त कळतो, आम्ही सहसा पडणार नाही. त्यामागचं कारण मला पटतं, कामं वर्षानुवर्षं अडकायला नकोत. पण मग लवकर यायचं कसं, मार्काचा कागदच अपिलानंतर हातात येतो, तोवर वर्क ऑर्डर निघून पहिली बॅच बसलेली असते.

केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत १७३ वा नियम आहे, टेंडर का नाकारलं हे भरणाऱ्यानं विचारलं तर कारण सांगावंच लागतं. मला त्याच्या एक पाऊल पुढं हवंय, विचारायची वेळच येऊ नये. दराचं पाकीट फोडायच्या आधी प्रत्येकाचे बाबनिहाय मार्क पोर्टलवर टाका, प्रत्येक बाबीपुढं एक ओळ कारण लिहा आणि हरकतीला तीन दिवस द्या. अधिकारी म्हणतात असं केलं तर प्रत्येक जण हरकत घेईल आणि ३१ मार्चला निधी परत जाईल. साहेब, दर उघडायच्या आधी घेतलेली हरकत तीन दिवसांत निपटते. नंतरची मात्र वर्षभर चालते.

गुरुवारी आणखी एका टेंडरची प्री-बिड आहे. हीच मागणी लेखी देतोय, दोन पानांचं निवेदन तयार आहे. ट्रेनिंग संस्था चालवणाऱ्यांपैकी कुणाला सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये या, आणि तुमच्याकडं असे कोऱ्या रकान्याचे कागद असतील तर तेही पाठवा.

फोनवाल्यांना अजून हो-नाही काही कळवलेलं नाही. मास्तर म्हणतात, ४,००० तर ४,०००, पोरं तरी शिकतील, नाहीतर हे दुसऱ्या कुणाला तरी देतील. सकाळी आल्या आल्या त्यांनी विचारलं, तार किती किलो मागवायची?