नव्याने बांधलेल्या इंजिनाची टकटक आपोआप बसत नाही

प्रीमिअर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचे इंजिन बांधून घेतले की एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो : ‘नवे इंजिन आहे, टॅपेट वाजणारच, हजार किलोमीटर चालवा, आवाज बसेल, नाही बसला तर जाड ऑइल टाका, तरीही वाजले तर टॅपेट जरा टाइट करा.’ टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व (हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणाऱ्या यंत्रणेतला भाग, आणि तो टाइट करणे म्हणजे त्या यंत्रणेतली फट कमी करणे. या सल्ल्याचे तिन्ही भाग चुकीचे आहेत आणि शेवटचा तर इंजिनाच्या मुळावर येणारा आहे.

हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) असलेल्या इंजिनात, टॅपेटमध्ये ऑइल भरेपर्यंत, सुरुवातीची काही मिनिटे टकटक होऊ शकते हे खरे. परंतु पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात तसले टॅपेट नाहीत. तिथे कॅमची (कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरील उंचवट्याची) हालचाल पुश रॉड या सळईमार्फत रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या तरफेपर्यंत, जाते आणि रॉकर व व्हॉल्व यांच्यातील फट हातानेच लावावी लागते. ही फट वाढली असेल किंवा एखादा भाग झिजलेला असेल तर नुसते चालवून ते दुरुस्त होत नाही. नव्या बांधणीत बसतात त्या पिस्टनच्या रिंगा, आणि ग्राइंड केलेले व्हॉल्व आपापल्या सीटमध्ये (टेकण्याच्या जागेत) किंचित खोल जातात. व्हॉल्व खोल गेला की त्याची दांडी रॉकरच्या दिशेने सरकते आणि फट कमी होते. हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) नट पुन्हा कसले की ती आणखी कमी होते. म्हणून काही शे किलोमीटरनंतर, टकटक थांबलेली असली तरी, किंबहुना थांबली असेल तर आधी, टॅपेट तपासलेच पाहिजेत.

टॅपेट मुद्दाम टाइट करणे मला सर्वांत जास्त खटकते. एक्झॉस्ट व्हॉल्वची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. फटच उरली नाही तर तो पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते आणि व्हॉल्वची कड जळते. टॅपेट किंचित वाजत असेल तर निदान ऐकू येते. टाइट टॅपेट मात्र आवाज न करता व्हॉल्व खातो.

जाड ऑइलाने आवाज दबतो, पण कारण तसेच राहते, आणि थंड इंजिनात रॉकरपर्यंत ऑइल पोहोचायला उशीर होतो तो वेगळाच.

आवाज शोधावा लागतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एका व्हॉल्वची टकटक क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येते. एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून अर्थ केल्यावर, म्हणजे तिथली ठिणगी बंद केल्यावर, ठोका बदलला, तर संशय व्हॉल्वपेक्षा बेअरिंग किंवा पिस्टनवर जातो. थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर शांतता, असे असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंगही पाहावे. तिथली गळती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते.

नंतर थंड इंजिनावर, चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व एकदम डुलत (एक मिटत आणि दुसरा उघडत) असताना पहिल्याच्या टॅपेटची फट मापावी. माप बरोबर येऊनही तोच व्हॉल्व वाजत असेल तर रॉकरचे टोक उलटे करून उजेडात धरावे. जुना रॉकर तसाच परत बसवला असेल तर व्हॉल्वच्या दांडीने तिथे पाडलेला उथळ खळगा दिसतो. फट मापायच्या फिलर गेजची सपाट पाती त्या खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते, आतली खोली तिला कळतच नाही आणि प्रत्यक्षातील फट मापापेक्षा मोठी राहते. असा रॉकर बदलावा किंवा त्याचे टोक नीट ग्राइंड करून घ्यावे. त्याआधी फट लावायचा स्क्रू कितीही फिरवला तरी माप खोटेच येईल.