हवा अडकलीये!

सकाळपासून घरच्या ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडतोय आणि त्यातला एक थेंबही माझ्या वाट्याला नाही. "मामांनी हीटिंग चालू करून दिलं, या वयातही काय डोकं चालतं!" असं बायकोच्या मावशींनी टाकलं, त्यावर अंगठे, फुलं, जोडलेले हात, आणि सगळ्यात खाली खुद्द मामांचं विनम्र उत्तर, "काही विशेष नाही, हवा अडकली होती."

हवा! हवाबिवा काही नव्हती हो. मोटराइज्ड व्हॉल्वची मोटर मेली होती आणि ती मी बदलली, पत्र्याने कापलेलं माझं बोट साक्षीला आहे.

झालं एवढंच की नळाला कढत पाणी आणि खोल्या तापवणारे रेडिएटर सगळे थंडगार. बॉयलरचं गरम पाणी नळाचं पाणी तापवणाऱ्या टाकीकडे जायचं की रेडिएटरकडे हे आमच्याकडे दोन व्हॉल्व ठरवतात, दोघांच्या डोक्यावर पत्र्याचा एकेक डबा, आत चिमुकली मोटर. थर्मोस्टॅटने हाक मारली की मोटर व्हॉल्व उघडते, तो पुरेसा उघडला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो आणि मग कुठे बॉयलरला आणि पंपाला सुरू व्हायचा हुकूम मिळतो. मोटर फिरलीच नाही तर बॉयलरला कळतच नाही की घरात कोणी कुडकुडतंय. डब्याच्या कडेला एक लिव्हर असतं. मोटरने व्हॉल्व उघडला असेल तर ते सैल लागतं, नसेल तर स्प्रिंग हाताला चांगलाच जोर लावते. मी थर्मोस्टॅट फुल करून बघितलं तर रेडिएटरवाल्याचं लिव्हर कडक, आणि गरम पाणी चालू केल्यावर शेजारच्याचं लुळं. म्हणजे निदान झालं होतं, विषय संपला होता.

पण मामा आले. कानटोपी, स्वेटरवर स्वेटर, पंपहाऊसमधून रिटायर झालेले आणि त्या पंपहाऊसमधून मनाने अजून बाहेर न पडलेले.

"जावईबापू, हवा अडकलीये."

म्हटलं, मामा, हवा असती तर रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागला असता. हा खालीवर सगळीकडून गार आहे.

"म्हणजे खूप हवा आहे."

यावर माणसाने काय बोलायचं?

"आणि अहो, सगळ्याच खोल्यांत एकदम कशी अडकेल हवा?"

"हवा सगळीकडेच असते," मामा म्हणाले, आणि मी व्हॉल्वच्या डब्याशी झटत असताना त्यांनी ड्रॉवरमधून रेडिएटरची छोटी पितळी किल्ली शोधून काढली. खरं तर किल्ली फिरवल्यावर फुस्स झालं तर हवा, सरळ पाणी आलं तर हवा नाही, इतकी साधी परीक्षा आहे. पहिल्याच रेडिएटरमधून फुस्स वगैरे काही न होता काळ्या पाण्याची बारीक पिचकारी निघाली आणि भिंतीवर तिरकी रेघ ओढून पडद्यावर गेली. मामा प्रसन्न. "बघितलंत? कसला घाण माल अडकला होता!" मग पुढची खोली, मग त्याच्या पुढची, प्रत्येक ठिकाणी खाली वाटी धरून, पाणी निरखून, मान डोलावत. मी म्हणतोय मामा पुरे, प्रेशर उतरेल, ते म्हणतायत तुम्ही तुमचं बघा. थंड असताना प्रेशरचा काटा एक ते दीड बारच्या आसपास लागतो, तो इतका खाली आला की बॉयलरने एरर दाखवून नळाचं गरम पाणीही बंद केलं. म्हणजे आता सगळंच गार. "आता समान झालं," मामा म्हणाले. शप्पथ, असंच म्हणाले!

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, जाऊ दे ना, दोन दिवसांचे पाहुणे आहेत. पाहुणे आहेत म्हणून भिंत धुवायची मी.

मधे कंपनीलाही फोन केला. बॉयलरला वॉरंटी आहे, पण व्हॉल्व म्हणे बॉयलरच्या बाहेर आहे, त्यामुळे तो त्यांचा नाही. मग बॉयलर चालू करायचा हुकूम ज्याच्या हातात आहे तो कोणाचा? पत्रक छापताना 'संपूर्ण हीटिंगची काळजी' असं मोठ्या अक्षरात लिहिताना कोणाला व्हॉल्व आठवत नाही. आणि या मोटरचं डिझाइन तरी काय, हीटिंग चालू आहे तोवर ती सारखी विजेवर, स्प्रिंगला रेटून धरून, तापत बसलेली. मरणार ती थंडीतच, उन्हाळ्यात तिला कामच नसतं.

मग मुकाट्याने फिलिंग लूप, म्हणजे हीटिंगमध्ये नळाचं पाणी भरायची जोडनळी, उघडून प्रेशर भरलं, मीटर लावून मोटरपर्यंत वीज येतेय याची खात्री केली, मग मेन बंद, कारण त्या डब्यातल्या करड्या वायरला हीटिंग बंद असतानाही करंट असतो. टेस्टरने पुन्हा तपासलं, दोन स्क्रू, जुनी मोटर बाहेर, नवी आत, दोन वायरी जोडल्या. तेवढ्यात बोट कापलं. मामा टॉर्च धरायला उभे होते आणि टॉर्च माझ्या डोळ्यांत होता.

मेन चालू केला, मोटरने हळूच गुरगुर केली, लिव्हर सैल पडलं, बॉयलर पेटला. मामांनी हॉलमधल्या रेडिएटरवर हात ठेवला, वरपासून खालपर्यंत फिरवला आणि म्हणाले, "वरपर्यंत तापलाय. गेली हवा."

तिथेच त्यांनी फोन काढून फोटो घेतला. व्हॉल्वचा नाही, रेडिएटरवर हात ठेवलेल्या स्वतःचा.

किल्ली परत मागितली तर म्हणाले, "असू द्या माझ्याकडे. तुम्हाला लागली तर मला फोन करा, मी सांगेन कधी फिरवायची."