आधी ऑइलचं प्रेशर मोजा, मग गिअरबॉक्स उतरवा!

"ऑटोमॅटिक ना? मग बॉक्स गेला. मॅन्युअल टाकून घे बाबा, कटकट मिटेल." म्हापशापासून मडगावपर्यंत ज्या ज्या गॅरेजात माझी गिअर न धरणारी गाडी नेली, तिथे हेच ऐकलं. कोणी ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक ओढून बघितली नाही, कोणी एक चक्कर मारली नाही. किल्ली हातात घेण्याआधीच निकाल तयार! डोकं फिरतं माझं.

गाडी १९८९ची टोयोटा सुप्रा, टर्बो. गिअरबॉक्स ए३४०ई, आयसिन या जपानी कंपनीचा, चार गिअरचा. याच घराण्यातला बॉक्स एडब्ल्यू४ नावाने जीप चेरोकीत दगडधोंड्यांतून फिरला आहे. म्हणजे हा काही काचेचा माल नाही. पण आधीच्या मालकाने त्यात शिफ्ट किट, म्हणजे गिअर झटक्यात पाडणारे सुटे भाग टाकले, अॅक्युम्युलेटरच्या स्प्रिंगा कडक केल्या, ऑइल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या वॉल्व्ह बॉडीत फेरफार केले आणि काय केलं याची एका ओळीची नोंद ठेवली नाही. गिअर पडताना पाठीत दणका बसतो आणि लोक खूश, "काय कडक बॉक्स आहे!" अरे, दणका म्हणजे पकड नव्हे! या बॉक्समध्ये क्लच म्हणजे ऑइलच्या प्रेशरने दाबल्या जाणाऱ्या प्लेटांचा गठ्ठा, आणि अॅक्युम्युलेटरचं काम त्यावरचं प्रेशर हळूहळू चढू देणं. तो कडक केला की गिअर झटक्यात लागतो, एवढंच. लागलेला क्लच धरून ठेवतं ते लाइन प्रेशर, म्हणजे बॉक्समधल्या ऑइलचं मुख्य प्रेशर, आणि ते कमी पडत असेल तर हा दणका उलट दुखणं झाकतो.

केरीहून चोर्ला घाट चढताना पहिला, दुसरा ठणठणीत ओढतात. तिसरा पडला की इंजिन बोंबलतं, आरपीएम वर आणि गाडी जागच्या जागी. रिव्हर्स टाकला तर सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे दीड सेकंदाच्या आत पकडायला हवा. माझा एक, दोन, तीन म्हणून झाले तरी विचारच करत असतो. आता यात जादूटोणा कुठे आहे? या बॉक्समध्ये सी-२ क्लच लागतो तिसऱ्याला, चौथ्याला आणि रिव्हर्सला. पहिला-दुसरा चांगला आणि बाकीचे स्लिप म्हणजे बोट सरळ सी-२कडे जातं. कुठल्या गिअरला कुठला क्लच याचा तक्ता मॅन्युअलमध्ये छापलेला आहे, वाचा की!

पण नाही. एकाने सांगितलं, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागत नाही म्हणजे काही कळणार नाही. १९८९च्या गाडीला आजचा स्कॅनर कसा लागेल? डायग्नोस्टिक कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि ओव्हरड्राइव्हचा दिवा किती वेळा मिचकतो ते मोजायचं. ६२ आणि ६३ हे कोड आले तर शिफ्ट सोलेनॉइडच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या वॉल्व्हच्या सर्किटमध्ये गडबड. माझा कोड नॉर्मल. तरी त्याने नव्या सोलेनॉइडचं बिल हातात ठेवलं! दुसरा सीव्हीटीचं, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या वेगळ्याच ऑटोमॅटिकचं ऑइल ओतायला निघाला होता, "ऑटोमॅटिकचंच आहे ना" म्हणून. तिसऱ्याने इंजिन बंद ठेवून ऑइलची पातळी बघितली आणि बरोबर आहे म्हणाला. इंजिन आणि बॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असताना पातळी जास्त दिसणारच. ती बघायची इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम असताना. गोव्यात आज क्लच पेडल नसलेल्या गाड्या दिसतात, पण त्यातल्या कितीतरी एएमटी, म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स आणि क्लच दाबायला यंत्र. त्यावर हात बसला म्हणून हायड्रॉलिक बॉक्स कळतो असं नाही.

शेवटी डिचोलीचा एक म्हातारा मेस्त, म्हणजे मिस्त्री भेटला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "गेज लावला होता कोणी?" कोणीच नव्हता लावला! केसवर प्रेशर मोजायला प्लग दिलेला असतो, तो काढून गेज जोडायचा. आयडलला काटा ठीक. मग स्टॉल टेस्ट केली, म्हणजे गिअरमध्ये ब्रेक दाबून धरून पूर्ण अॅक्सिलरेटर, तोही पाच सेकंदांच्या आत, तर काटा चढायला तयार नाही. बॉनेट उघडलं. थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत जाणारी थ्रॉटल केबल लोंबत होती. या बॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, पण लाइन प्रेशर ही केबल ठरवते. पूर्ण थ्रॉटलला केबलवरचा स्टॉपर आणि रबर बूट यांच्यात शून्य ते एक मिलिमीटर अंतर हवं. थ्रॉटल बॉडी साफ करणाऱ्या कुठल्यातरी दिवट्याने नट ढिले सोडले होते. गिअर वेळेवर बदलत राहिले, दणका बसत राहिला आणि आत क्लच जळत राहिला.

बॉक्स खोलला तेव्हा जळकट वासाने शेड भरली. सी-२च्या फ्रिक्शन प्लेटा कोळसा, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. पिस्टनच्या सीलची कड मेस्तने नखाने वाकवली, ती टचकन तुटली. आधीच प्रेशर कमी, त्यात हे असं गळकं सील! नवी सीलं, ऑइलमध्ये भिजवलेल्या नव्या प्लेटा टाकून त्याने ऑइलच्या वाटेत हवा सोडली. पिस्टन "थप्प" बसला. ही तपासणी फुकट होते, तरी करायला नको लोकांना.

आता आमचा वाद कूलरवरून. सगळ्या जळक्या प्लेटांचा भुगा बॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसला आहे. आधीच्या मालकाने जादा कूलर लावला होता, त्यातही आहे. कन्व्हर्टर तर कापून, धुऊन, पुन्हा वेल्ड करून बॅलन्स करावा लागणार. आणि ज्या गॅरेजने मॅन्युअल टाक म्हणून सांगितलं होतं, त्याचा मालक परवा मला म्हणतो, "एवढं कशाला? जुनंच जोड, चतुर्थीला गाडी फिरव." त्याला तोंडावर सांगितलं, चतुर्थीला मी बसने जाईन, पण तो भुगा नव्या प्लेटांवर जाऊ देणार नाही.