बाबा गाडीतच बसून राहायचे

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

झालं असं की सुट्टी म्हणून चार जण जमलो होतो आणि कुणीतरी एक नवा सिनेमा लावला. अमेरिकेतलं कुठलंसं उपनगर, एकसारखी घरं, नीट कापलेली हिरवळ, नवरा, बायको, दोन मुलं. पहिल्या दहा मिनिटांतच नवरा ऑफिसातून येतो, घरासमोर गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि उतरतच नाही. नुसता बसून राहतो. मागे ते घुमणारं, पोटात गोळा आणणारं संगीत. कॅमेरा हळूहळू काचेजवळ सरकतो. म्हणजे आपण समजून घ्यायचं की हा माणूस रोज संध्याकाळी तुरुंगात परत येतो. आमच्यातला एक जण म्हणाला, "बिचारा! घरी जायची इच्छाच नाही त्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून आतल्या खोलीत गेले ती परत आलेच नाही.

कारण माझे बाबा रोज असेच बसायचे.

रोज म्हणजे रोज. गाडीचा आवाज आला की आम्ही भावंडं बाहेरच्या खोलीतल्या खिडकीला चिकटायचो. दिवे विझायचे, इंजिन थांबायचं, आणि दार काही उघडायचं नाही. दहा मिनिटं, कधी पंधरा. आम्ही हाका मारायला लागलो की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "येतील. बसू दे त्यांना." एकदा मला राहवलं नाही. आठ-नऊ वर्षांची असेन. धावत खाली गेले, पलीकडचं दार उघडलं आणि बाबांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. तापलेलं इंजिन गार होताना टक्... टक्... वाजत होतं. किल्ली लावलेलीच होती आणि किल्लीला अडकवलेल्या पितळी बिल्ल्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता, सावकाश, एकाच दिशेनं. मी विचारलं, "बाबा, घरी नाही यायचं?" तर म्हणाले, "यायचंय ना. हे इथं ठेवतो आणि येतो." मी वळून मागच्या सीटवर बघितलं. तिथं काहीच नव्हतं.

'हे' म्हणजे काय ते कळायला मला स्वतः नोकरीला लागावं लागलं.

आता त्या दहा मिनिटांना तुम्ही असलं संगीत लावणार? दिवसभर वरिष्ठांची बोलणी खाल्लेला माणूस ती घरात येऊ नयेत म्हणून खाली बसतो, आणि तुम्हाला त्यात फक्त सापळ्यात अडकलेला उंदीर दिसतो? संताप येतो मला. हे दृश्य आता इतक्या सिनेमांत बघितलंय की माणूस गाडीत थांबला की पुढे काय होणार ते मला पाठ झालंय. एक तर बाहेर कुणीतरी असतं, नाही तर घरात बंदूक असते.

या सगळ्याचा बाप म्हणजे 'अमेरिकन ब्यूटी', १९९९ चा. नाटकाच्या रंगमंचावरून आलेल्या दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर. नायक सुरुवातीलाच सांगून टाकतो की वर्षभरात मी मेलेला असेन, आणि एका अर्थानं आताच मेलोय. त्या गल्लीतलं बहुतेक प्रत्येक माणूस पोकळ, नाही तर खोटारडं. सौंदर्य कुणाला दिसतं, तर वाऱ्यावर गरगरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं चित्रीकरण करणाऱ्या मुलाला. नायकाची बायको घरं विकायचं काम करते. एक रिकामं घर घासूनपुसून लख्ख करते, आज हे घर विकणारच असं स्वतःला बजावत राहते. गिऱ्हाइकं येतात, नाकं मुरडून निघून जातात. मग ती खिडकीचे पडदे बंद करते, रडते, आणि रडल्याबद्दल स्वतःच्याच थोबाडीत मारून घेते. तिथं माझा जीव तुटला. ॲनेट बेनिंगनं काय केलंय ते! पण हे दृश्य संपलं की दिग्दर्शक पुन्हा तिची टिंगल करायला मोकळा. तिचं नीटनेटकेपण हाच जणू तिचा गुन्हा.

अरे, नीटनेटकं घर हवं असणं हा गुन्हा कधीपासून झाला? ही उपनगरं उभी राहिली कशी ते तरी आठवा. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेले सैनिक सासरी, आईवडिलांकडे, मिळेल त्या खोलीत दाटीवाटीनं राहत होते. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, लेव्हिटटाउन बांधायला घेतलं. घरं जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या फिरत्या, एकेका टोळीकडे एकच काम, असं करत चार-पाच वर्षांत १७,००० हून जास्त घरं उभी केली. लोकांना स्वतःचं दार मिळालं, बंद करता येणारं. त्या घरांच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणाला राहू द्यायचं नाही असं कलम होतं, हे लाजिरवाणं आहे आणि त्यावर चिडून सिनेमे निघायलाच हवेत. पण हे सिनेमे त्यावर कुठे चिडतात? ते चिडतात कुंपणाच्या पांढऱ्या रंगावर आणि सोफ्याच्या कापडावर.

माझ्या लेखी घरातला सिनेमा म्हणजे १९८० चा 'ऑर्डिनरी पीपल'. तेही उपनगर, तीही हिरवळ, पण तिथं कुणी कुणाला हसत नाही. थोरला मुलगा होडी उलटून बुडालाय. धाकटा वाचलाय, आणि त्यानंतर त्यानं स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केलाय. सकाळी आई त्याच्यासाठी फ्रेंच टोस्ट करते. भूक नाही म्हणतो. ती ताटली उचलते आणि तिथल्या तिथे सगळं सिंकमध्ये ढकलून देते. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. आणि तो फोटोचा प्रसंग! वडिलांना आई आणि मुलगा या दोघांचाच फोटो हवा असतो. आई हसत हसत कॅमेरा मागत राहते, मला दे, मी तुम्हा दोघांचा काढते म्हणून. एवढा एक फोटो तिला पोटच्या मुलाशेजारी उभं राहून काढवत नाही. शेवटी मुलगाच ओरडतो, देऊन टाका तिला तो कॅमेरा! बंदूक नाही, लफडं नाही, एक कॅमेरा फक्त.

त्यातला बाप बघा. डोनाल्ड सदरलँड. दोघांच्या मधे उभा, दोघांना सांभाळत, सतत हळू आवाजात. रात्री डायनिंग टेबलाशी एकटा बसून रडतो. त्या सिनेमातल्या तिघांना अभिनयाची ऑस्कर नामांकनं मिळाली, धाकट्या मुलाचं काम करणाऱ्या टिमोथी हटनला विसाव्या वर्षी ऑस्करच मिळालं. बापाचं नाव मात्र यादीतही नव्हतं. सदरलँडला आयुष्यात एकदाही नामांकन मिळालं नाही, २०१७ मध्ये मानद ऑस्कर दिलं तेवढंच. मला हे फार लागतं. तो टेबलाशी बसला की मला किल्लीच्या बिल्ल्यावर फिरणारा अंगठा दिसतो.

जपानी ओझूचा १९५९ चा 'गुड मॉर्निंग' कुणी बघितला नसेल तर बघा. चिकटून असलेली छोटी घरं, चौकशा करणाऱ्या शेजारणी आणि टीव्ही हवा म्हणून हटून बसलेले दोन भाऊ. वडील म्हणतात, फार बोलता, गप्प बसा. मुलं उलट म्हणतात, मोठी माणसंच तर वायफळ बोलतात, गुड मॉर्निंग, हवा छान आहे. आणि दोघं कडकडीत मौन धरतात. शेजारणींना वाटतं, मुलांच्या आईनंच काहीतरी मनात धरलंय. शेवटी एकमेकांवर जीव असलेले दोघं जण स्टेशनच्या फलाटावर उभे राहून फक्त हवेबद्दल बोलतात. तेवढंच. आणि मला तिथं हुंदका आला.

आता कुणीतरी खाली लिहिणार की कलेनं अस्वस्थ करायलाच हवं. मान्य. फ्रेंच टोस्टनं मी आठवडाभर अस्वस्थ होते.

आणि आणखी एक मान्य करते. नाइलाजानं करते, कारण लिहिता लिहिताच हे मनात आलं. 'अमेरिकन ब्यूटी'च्याच दिग्दर्शकानं २००८ मध्ये 'रिव्होल्यूशनरी रोड' केला, १९५५ सालच्या जोडप्याचा. मी तो बघून वैतागले होते. या बाईला एवढं घर आहे, मुलं आहेत, हिला नेमकं काय खुपतंय, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणाले होते. त्यातला शेवट आठवतो का? शेजारीण त्या जोडप्याबद्दल वाईटसाईट बोलत सुटते आणि तिचा म्हातारा नवरा हळूच कानातल्या यंत्राचा आवाज कमी करत जातो. तिचे ओठ हलत राहतात. मी तेव्हा म्हाताऱ्याच्या बाजूनं होते. त्यालाही त्याची दहा मिनिटं हवी असणार, असं वाटलं होतं मला.

पण त्या बाईचं काय? बाबा त्यांचं 'हे' गाडीत ठेवून यायचे. आईकडे गाडी नव्हती. तिला खाली जाऊन बसता येईल अशी जागाच नव्हती, आणि आम्ही तीन भावंडं सकाळपासून तिच्या मागे मागे. मी इतकी वर्षं बाबांच्या त्या दहा मिनिटांचं कौतुक करत आले. ते गेल्यानंतर तर जास्तच. आईनं तिचं कुठं ठेवलं, हे मी एकदाही विचारलं नाही. तो दुपारचा माणूस 'बिचारा' म्हणाला तेव्हा मला बाबांसाठी राग आला. आईसाठी 'बिचारी' म्हणायचं कधी सुचलंही नाही.

आणि बाबांनाही एखाद्या दिवशी खरंच वर यावंसं वाटलं नसेल. असेलही. तरी ते आले.

इथपर्यंत लिहून थांबले आणि आईला फोन लावला. विचारलं, "आई, बाबा गाडीत बसायचे ना, तेव्हा तू काय करायचीस गं?"

जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काही नाही. गॅस बारीक करायचे आणि स्टुलावर बसायचे. तुम्ही सगळे खिडकीत असायचात ना तेव्हा. म्हणून तर त्यांना हाक मारू देत नव्हते."